बाकीचे चौघे कुठे आहेत?

शुभ्राने आवाज बोटांवर मोजून पाहिले. चार तरी होते. कदाचित पाच.

"एक जण ढोल वाजवतोय," ती कुजबुजली. "दुसऱ्याकडे जाड आवाजाचं काहीतरी आहे. शिवाय गिटार. आणि वर सूर काढणारा वेगळाच कोणीतरी."

"म्हंजे सापडली टोळी," शार्दूल म्हणाला. "चपला काढ आन् माज्या मागनं ये."

शुभ्रा भोरची. सातवीची परीक्षा संपवून ती पालीला मामाकडे सुट्टीला आली होती. शार्दूल मामाचा मुलगा, तिच्यापेक्षा वर्षाने लहान, पण राजगडाखालची पायवाट न् पायवाट त्याला पाठ. पालीच्या वर, चढावर धनगरांची वाडी होती. तीन दिवसांपूर्वी तिथल्या लोकांनी सकाळी पाहिले, तर टाकी रिकामी! ऐन मे महिन्यात आठवड्याचे पाणी उतारावरून वाहून गेले होते. बायकांना हंडे घेऊन थेट पालीपर्यंत उतरावे लागत होते, आणि तहानलेल्या शेळ्या दिवसभर ओरडत होत्या.

वाडीत आनंदरावांचा शब्द चालायचा. टाकीच्या पलीकडच्या सपाटीवर त्यांनी ट्रेकर लोकांसाठी तंबू लावले होते. त्यांनी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. टाकीजवळच्या पंपाच्या खोलीत पोरांची एक टोळी रोज दुपारी बँड वाजवत बसते, त्या कार्ट्यांनीच टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. टोळी कोणी पाहिली नव्हती, पण बँड सगळ्यांनी ऐकला होता. तेवढे पुरले.

दोघे वाकून खोलीपर्यंत गेले. शार्दूलने दार धाडकन ढकलले.

आत एकच मुलगी होती. उलट्या घमेल्यावर बसलेली, मांडीवर पोटाला चीर गेलेली जुनी गिटार.

शार्दूलने पंपामागे पाहिले, कोपऱ्यातली पोती उचलून पाहिली. खोलीला खिडकीसुद्धा नव्हती.

"काय हुडकतोयस?" मुलीने विचारले.

"बाकीचे कुठं गेले?"

"कोण बाकीचे? म्या एकटीच हाय."

ती वैष्णवी, वाडीतल्या गेनबाची नात. दोन वर्षांपूर्वी तंबूत उतरलेल्या एका ताईने चिरलेली गिटार तिला देऊन टाकली होती. मोबाईलची रेंज फक्त टाकीपाशी यायची, म्हणून दुपारी शेळ्या सावलीला बसल्या की ती इथे येऊन व्हिडिओ बघत शिकायची.

शुभ्राचा विश्वास बसेना. भोरला ती स्वतः दोन वर्षे गिटारच्या क्लासला जात होती, आणि तिच्या गिटारमधून फक्त गिटारच वाजायची. तिने वैष्णवीला पुन्हा वाजवायला सांगितले, आणि या वेळी ती हातांकडे बघत राहिली.

वैष्णवीचा अंगठा जाड तारांवर चालत होता, सावकाश, पाय टाकल्यासारखा. बोटे बारीक तारांवर गाणे काढत होती. मधल्या तारा मध्येच झणकन उठत होत्या. तळहाताची कड लाकडावर पडली की ढोल घुमायचा, आणि नखे टकटकली की काठी वाजल्यासारखे व्हायचे.

"हे सगळं एकदम कसं जमतं?" शुभ्राने विचारले.

"एकदम न्हाई जमत. आदी नुसता अंगठा बसवला, चार महिने. त्याच्याकडं बघावं लागंना, तवा बोटांना काम दिलं. थाप सगळ्यात शेवटी." वैष्णवीने एक जाड तार छेडून हात उचलला. तार वाजतच राहिली. "बग. ही सोडली तरी बोलतीया. तवर म्या दुसरीकडं जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, हितं अजून कुणीतरी बसलंय."

तेवढ्यात दारात सावली पडली. आनंदराव होते, मागे वाडीतली दोन माणसे. त्यांनी काही न विचारता गिटार उचलली.

"बाकीचे चौघे कुठे आहेत?"

वैष्णवीने तेच उत्तर दिले. शुभ्राही मध्ये पडली, आम्ही डोळ्यांनी पाहिले म्हणाली. पण आनंदरावांनी तिच्याकडे लक्षच दिले नाही. नावे सांगितली तर गिटार मिळेल, नाही सांगितली तर पाण्याचा दोष तुझ्या एकटीवर येईल, असे त्यांनी बजावले.

वैष्णवी उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिची नजर खाली गेली नाही.

"कुणाची खोटी नावं घेऊ? न्हाई घेणार. काय करायचं ते करा."

त्यांनी तिघांना बाहेर काढले आणि खोलीला कुलूप ठोकले.

ते गेल्यावर वैष्णवी तिथेच दगडावर बसली. शार्दूल मात्र टाकीकडे गेला आणि व्हॉल्व्हच्या चाकाला लोंबकळला. चाक हलेना. तिघांनी मिळून जोर लावला, तरीही नाही. ते फिरवायला हातभर लांब पान्हा लागणार होता. शार्दूलने असा पान्हा एकाच ठिकाणी पाहिला होता: आनंदरावांच्या पाण्याच्या टँकरवर.

मग शुभ्राला जमीन दिसली. तोटीखाली चिखल वाळून कडक झाला होता, आणि त्यात जाड चाकांचे ठसे साच्यासारखे उमटले होते. ते सरळ तंबूंकडे गेले होते. तिने मोबाईलवर फोटो काढले.

आत्ताच जाऊन दाखवू, असे शार्दूलचे म्हणणे. पण शुभ्रा थांबली. जोवर लोकांच्या डोक्यात टोळी आहे, तोवर चाकांकडे कोण बघणार? आधी टोळी नाहीशी करायला हवी होती.

संध्याकाळी ती एकटी आनंदरावांकडे गेली.

"काका, उद्या सकाळी सगळ्यांना देवळापुढे बोलवा. तुमचा बँड समोरच्या अंगणवाडीच्या खोलीत वाजेल. फक्त गिटार आमच्याकडे द्या. तिच्याशिवाय वाजायचा नाही."

आनंदराव खूश झाले. पोरगी वळणावर आली म्हणाले, आणि गिटार देऊन टाकली.

सकाळी भैरवनाथाच्या देवळापुढे सगळी वाडी जमली. अंगणवाडीचे दार आतून बंद होते. बाहेर शुभ्रा दाराला कान लावून उभी होती. वैष्णवीचा हात आज चुकला तर?

आतून एक थाप आली. मग ढोल, मग जाड तारा, आणि त्यांच्यावर गाणे. लहान पोरे नाचायला लागली. आनंदरावांनी एकेक बोट दुमडले.

"चार," ते म्हणाले. "न्हाई, पाच हायत. बाजी, मागच्या बाजूला उभा राहा. एकबी सुटता कामा नये."

बाजी हा त्यांचा टँकर चालवणारा. तो धावत मागे गेला.

"पाच नक्की ना, काका?" शुभ्राने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

"माजे कान शाबूत हायत. पाच."

शुभ्राने दारावर टकटक केली. शार्दूलने आतून कडी काढून दार सताड उघडले आणि स्वतः बाहेर येऊन उभा राहिला. बँड थांबला नाही. रिकाम्या खोलीच्या मधोमध वैष्णवी बसली होती. आनंदरावांच्या डोळ्यांत डोळे घालून ती वाजवत राहिली, आणि गाणे पुरे झाल्यावरच तिने हात तारांवर ठेवला.

गेनबा काठी टेकत आत गेला, चारही कोपरे पाहून बाहेर आला आणि म्हणाला, "कुणी न्हाई. माजी नातच हाय."

मग शुभ्राने मोबाईल पुढे केला. चाकांचे ठसे एकामागून एक माणसे बघू लागली. व्हॉल्व्ह फिरवायला काय लागते तेही शार्दूलने सांगितले. सगळ्या माना मागून परत आलेल्या बाजीकडे वळल्या. त्याने सगळे सांगून टाकले. तंबूत पन्नास माणसे उतरणार होती, म्हणून त्याने रात्री टाकीवरून टँकर भरला होता. घाईत व्हॉल्व्ह पुरता आवळायचा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना सांगितलेही होते; त्यांनी बघू म्हणून हात झटकले.

आनंदरावांची मान खाली गेली. चूक झाली, असे ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा," वैष्णवी म्हणाली. "मला चोर म्हनताना आवाज लई मोठा हुता."

त्यांना सांगावे लागले, सगळ्यांसमोर आणि मोठ्याने. टाकी भरेपर्यंत टँकर वाडीत फुकट पाणी देईल, हेही त्यांनी कबूल केले. बायकांनी त्यांना तिथून हलूच दिले नाही. आधी बाजीला टँकर आणायला पाठवले.

गेनबाने शुभ्रा आणि शार्दूलच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यांनी नुसतं ऐकलं," तो म्हणाला. "तुमी पोरांनी दार उघडून बघितलं. शाबास!"

दुपारी टँकर आला आणि हंड्यांची रांग लागली. पंपाची खोली उघडी झाली होती. तिथे वैष्णवीने गिटार शुभ्राच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या उजव्या हाताची चारही बोटे रुमालाने बांधून टाकली.

"आता नुसता अंगठा," ती म्हणाली. "चार महिने."