रोपांच्या काचघरातली माणसं

"ताई, भिंतीतून एक माणूस बघतोय माझ्याकडे!"

गोगलगायच्या हातातली झारी धपकन पडली. फटाकडीचे दोन्ही पाय भिजले आणि ती भडकलीच. "एक काम धड करत नाहीस! कुठाय माणूस?"

"तो काय! केस पांढरे, तोंड काळं. दातसुद्धा काळे!"

सुट्टीत तिघंही आजोबांकडे आली होती. हळूबाई म्हणून धाकटीचं नाव गोगलगाय, डोकं सटकतं म्हणून मोठीचं फटाकडी. तिसरा त्यांचा चुलतभाऊ, चष्म्या. त्याचं नाव असं का पडलं ते सांगायला नकोच!

परसात माळीकाका रोपांसाठी काचघर उभारत होते. भिंतींना काचा बसत आल्या होत्या. चष्म्यानं त्यातल्या एका काचेला नाक चिकटवलं.

"भूतबित नाही. निगेटिव्ह आहे. पूर्वी फोटो आधी काचेवर यायचा, पण उलटा. पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. थांबा!"

त्यानं आजोबांचा मोबाईल काढला, कॅमेरा लावला आणि सेटिंगमध्ये जाऊन रंग उलटे केले. स्क्रीनवर एकदम एक मिशाळ गृहस्थ आले. मांडीवर कुत्रा.

"अय्या! कुत्रा जांभई देतोय!"

"माळीकाका, ह्या काचा कुठून आणल्या?" फटाकडीनं विचारलं.

"तुमच्या काकांनीच दिल्या. पुढच्या खोलीतल्या पेट्या रिकाम्या करतायत ना ते. कढत पाण्यात सोडा टाकला की चित्र सुटतं, काच स्वच्छ! थोड्या घाईत तशाच लावल्या, एवढंच."

पुढची खोली म्हणजे पणजोबांचा फोटो स्टुडिओ. कित्येक वर्षं बंद. काकांना आता तिथे व्यायामाचं मशीन ठेवायचं होतं. ते मशीनही, आत्याच्या मते, कपडे वाळत घालायलाच कामी येणार होतं!

तिघं धावत आत्याकडे गेली आणि काचांचं, काकांचं सगळं भडाभडा सांगून मोकळी झाली. आत्या कादंबऱ्या लिहायची, जुन्या काळातल्या, जाडजूड. पाय प्लॅस्टरमध्ये होता, मांडीवर कागद होते आणि तोंड पडलेलं.

"अजून अडलंय का गं?" फटाकडीनं विचारलं.

"अडलंय. कादंबरी तुमच्या पणजीवर आणि मला तिचा चेहराच माहीत नाही. घरात स्टुडिओ, आणि तिचा एक फोटो नाही! कमाल आहे की नाही?"

खिडकीशी बसलेले आजोबा हसले, पण नेहमीसारखे नाही. "मला तरी कुठं माहीत आहे? मी रांगत होतो तेव्हा आई गेली. बाबांना विचारलं की ते उठून बाहेर जायचे. दुःखानं त्यांनी स्टुडिओलाच कुलूप घातलं. पुन्हा एक फोटो काढला नाही. मरायच्या आधी एकदा तिला बघायला मिळालं असतं तर..."

"बाबा, असलं बोलू नका हो," आत्या म्हणाली.

भिंतीवर एकच जुना फोटो होता. खुर्चीत ताठ बसलेले पणजोबा आणि त्यांच्या मांडीवर बाळ आजोबा, तोंडभर हसणारे.

"ह्याचंही मला कोडंच आहे," आजोबा म्हणाले. "मी एवढा खिदळतोय कशाला? बाबांच्या तोंडाकडे बघून हसू येण्यासारखं काही नव्हतं!"

फटाकडी फोटोकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "एक मिनिट. पणजोबा खुर्चीत बसलेत. मग फोटो काढला कुणी?"

सगळ्यांच्या माना फोटोकडे वळल्या. इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं!

"असेल कुणी मदतनीस," आजोबा पुटपुटले.

"आणि ही कड बघा," चष्म्या फ्रेमला चिकटला. "कात्रीनं कापलीय, वाकडीतिकडी. कपाट अर्धंच दिसतंय. पण काचेवर पूर्ण फोटो असणार!"

"काचेवर?" आत्या ओरडली. "अरे, मग पळा! तुमचा काका ती धुऊन टाकेल!"

काका परसात टबापाशी बसले होते. कानात गाणी, टबातून वाफा.

"काका, थांबा!" फटाकडी ओरडली. "त्यात पणजीची गोष्ट असेल!"

काकांनी एक कान मोकळा केला. "पणजीची गोष्ट? आत्यानं पाठवलंय ना? तिला म्हणावं, कादंबरी कागदावर लिही, माझ्या पेट्यांत नको. कचरा आहे हा!"

फटाकडी लालबुंद झाली. ती काही बोलणार तेवढ्यात चष्म्यानं तिचा पाय दाबला आणि लोण्यासारखा आवाज काढला. "काका, तुम्ही दमलात. आम्ही धुतो ना!"

"खरंच? शाबास! याला म्हणतात गुणी पोरं! पण काच जपून धरा, कडा लागतात."

दुसऱ्या क्षणी काका आरामखुर्चीत! मग खरी धमाल सुरू झाली. फटाकडी पेटीतून काचा काढून उजेडात धरायची, चष्म्या मोबाईलमधून बघायचा. लग्नाची जोडपी, पैलवान, रडकी जुळी... पण ते बाळ नाही!

"झाल्या का रे काचा?" काका मधूनच ओरडायचे.

की गोगलगाय आधीच धुतलेल्या चार काचा घेऊन डुलत डुलत त्यांच्यासमोरून जायची.

"वा, चकाचक!"

ती घराला वळसा घालून परत यायची आणि थोड्या वेळानं पुन्हा त्याच काचा मिरवत निघायची.

"वा वा! भराभर चाललंय!"

हसू दाबून चष्म्याच्या पोटात दुखायला लागलं. पण शेवटची पेटी संपली आणि हसू पळालं.

"नाही," तो म्हणाला. "बहुतेक आधीच धुतली गेली."

फटाकडीनं रिकाम्या पेटीला लाथ घातली. डोळे भरून आले होते, म्हणून लाथ जरा जोरातच बसली.

"ताई," काचघरातून गोगलगायचा आवाज आला. फेऱ्या मारून दमलेली ती आत रोपांपाशी बसून वर बघत होती. "छपरात एक बाळ हसतंय."

छपरावर! आणि शिडीवर माळीकाका! रोपांना ऊन लागू नये म्हणून ते काचांना चुना फासत होते.

"माळीकाका, ब्रश खाली!"

फटाकडी अशी किंचाळली की काका खुर्चीतून थेट गवतावर आले. पणजोबांच्या डोक्याला चुना लागलाच होता, पण बाहेरून. चित्र आतल्या बाजूला सुखरूप होतं. माळीकाकांनी काच अलगद सोडवली. चष्म्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरून आत नेली.

खिडकीशी काच धरून मोबाईल लावला. खुर्ची, पणजोबा, खिदळणारं बाळ. आणि फ्रेममध्ये नसलेलं अर्धं कपाट. त्याच्या दाराला आरसा होता. आरशात तीन पायांच्या तिकाटण्यावरचा कॅमेरा, आणि त्याच्या शेजारी एक तरुण बाई. एका हातात भिंगाची टोपी, पदर खोचलेला. बाळाकडे बघून तिनं गाल फुगवून जीभ बाहेर काढली होती!

"फोटो ती काढायची!" आत्या प्लॅस्टरसकट पुढे झुकली. "पाटीवर नाव तुमच्या पणजोबांचं, आणि काम तिचं! म्हणूनच फोटोतला आरसा कापला!"

"म्हणून तर ती गेल्यावर स्टुडिओ बंद झाला," फटाकडी म्हणाली. "पणजोबांना फोटो काढता येतच नव्हता!"

"आणि मी समजायचो दुःखानं," आजोबा म्हणाले. मग थांबून हळूच, "दुःखानंही असेल. ही काच नाही फोडली त्यांनी."

काका दारात उभे होते, पाठीला गवत चिकटलेलं. "मी... मी कचरा म्हणून देऊन टाकली होती ती. पोरांनो, तुम्ही शहाणी आणि मी गाढव! माझं मशीन राहू दे ओसरीत. ह्या सगळ्या काचा परत खोलीत, आणि बाहेर नवी पाटी. तिच्या नावाची!"

"आणि माझ्या रोपांना काय?" माळीकाकांनी विचारलं.

"नव्या काचा आणतो हो! पण मला सांगा, ह्या पोरांनी धुतलेल्या एवढ्या काचा गेल्या कुठं?"

गोगलगायनं त्याच चार काचा पुढे केल्या. आत्या इतकी हसली की प्लॅस्टर हललं. "कार्ट्यांनो, कादंबरी तुम्हालाच अर्पण करते!"

आजोबांचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. मोबाईल त्यांनी अगदी डोळ्यांजवळ धरला होता.

"म्हणजे मी हिला बघून हसत होतो," ते म्हणाले.

आणि सगळ्यांदेखत त्यांनी गाल फुगवून तिला जीभ दाखवली.