रोजाच्या दुपारचे थेंब

"आण ती बाटली इकडे! माझ्या आईच्या डोळ्याला तू हात लावायचा नाहीस!"

रमजानचा पहिलाच रोजा, भर दुपार... आणि लमजदने बायकोच्या हातातली औषधाची बाटली हिसकावून घेतली! रौधा मुकाट्याने मागे सरली. गेलं वर्षभर ती अशीच मागे सरत आली होती.

गेल्या रमजानच्या तोंडावर सासूबाईंच्या, मन्नूबियांच्या, डाव्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. साचणाऱ्या पाण्याला वाट करून दिली होती. ती मिटू नये म्हणून दिवसातून सहादा थेंब घालायचे होते. पण थेंब घशात उतरले तर रोजा मोडेल, या धास्तीने म्हातारी दिवसा डोळ्याला हात लावू देईना. रौधाने किती विनवण्या केल्या, पाया पडली... "लमजदला सांगशील तर माझी शपथ आहे तुला!" एवढंच उत्तर मिळालं. वाट मिटली, डोळा गेला, आणि लमजद संतापाने थरथरत घरी आला तेव्हा रौधा म्हणाली, "मीच विसरत गेले."

आता उरला होता उजवा डोळा. चार दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्यात एक इवलीशी नळी बसवली होती. पाण्याची वाट आता सहजासहजी मिटणार नव्हती. गेलेली नजर काही परत यायची नव्हती, पण आहे ती टिकणार होती. थेंब मात्र या खेपेलाही चुकवायचे नव्हते.

"बहिणीला बोलावलंय मी. नाजिहा निघालीय सूस शहराहून," लमजद म्हणाला. "पोटची मुलगी तरी विसरणार नाही!"

"फोन कर तिला. म्हणावं, परत जा," खाटेवरून मन्नूबिया म्हणाल्या. "रौधा विसरली नव्हती रे... मीच घालू दिले नाहीत. रोजा मोडेल म्हणून!"

"उम्मी! अगं, इमामसाहेबांना विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं, आणि ते 'घाल' म्हणाले असते तर? मग माझ्या हट्टाचं काय!"

लमजद वळला. "आणि तू? वर्षभर माझं काय काय ऐकून घेतलंस... का गं?"

"त्यांना शिव्या घातल्या असत्यास तू," रौधा हळूच म्हणाली. "डोळा गेलेल्या बाईला! मला तुझ्या ओरडण्याची सवय आहे. त्यांना नाही."

शरमेने लमजदने बाटली बायकोच्या हातात परत ठेवली आणि आईच्या उशाशी बसून तिचं डोकं दोन्ही हातांनी अलगद धरलं. रौधा वाकली, पण तिचेच डोळे भरून आले आणि पहिला थेंब सासूबाईंच्या गालावरच पडला.

"नेम धर की गं, पोरी!" मन्नूबियांनी उजवा डोळा चांगला उघडला, आणि सुनेकडे टक लावून पाहिलं.

"अगं, रडतेस कशाला? दिसतंय हो मला!"