सगळे कागद एकदम सांगा

विद्यापीठाच्या मोठ्या दालनात विद्यार्थ्यांचा खेळ रंगला होता, गरिबी समजून घेण्याचा. पंधरा मिनिटं म्हणजे एक आठवडा, असे चार आठवडे काढायचे. तिच्या वाट्याला आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'नवरा आजारी, मुलं तीन.'

रांगेतून सरकत ती टेबलापाशी पोचली. मदतीच्या कचेरीतला साहेब होऊन बसलेला तो मुलगा खेळ रचणाऱ्यांपैकीच. प्रत्येकाला तीनदा परत पाठवायचं, एवढंच त्याचं काम.

"रहिवासाचा दाखला कुठाय, बाई? उद्या या."

बाकीचे इथून तणतणत निघून जात. ती हलली नाही. अर्ज उलटा करून तिनं त्याच्यापुढे सरकवला.

"साहेब, काय काय कागद लागतात ते सगळं एकदम सांगा. इथं लिहून द्या, खाली सही करा."

"सही?... असं खेळात नाहीये."

"तोंडी सांगितलेलं उद्या बदलतं."

"तीन मुलांची आई भलतीच डोकेबाज दिसते!"

"नवरा अंथरुणाला खिळलाय, साहेब. कुणाचं तरी डोकं चालायला हवं ना!"

तो हसला. तिच्याकडे बघत राहिला... आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं मुकाट्यानं यादी लिहिली, सही केली.

तिनं घाईनं कागद ओढून घेतला. याला कळलं! लहानपणी आईचं बोट धरून ती अशाच रांगांत उभी राहिली होती. आईला वाचता येत नव्हतं. यादी तीच वाचून दाखवायची. इथं मात्र तिनं हे कुणाला कळू दिलं नव्हतं. कुणाची 'बिचारी' व्हायचं नव्हतं तिला.

खेळ संपल्यावर सगळे गोल करून बसले. कुणाला काय वाटलं, हे तो एकेकाला विचारत होता. कुणाचे डोळे भरून आले. तिची पाळी आली, तेव्हा तिनं श्वास रोखला. त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं—आणि पलीकडच्या मुलाला विचारलं.

जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"मला का वगळलंस? कीव आली?"

"लाज वाटली. तीनदा परत पाठवायचा नियम माझाच. तो लिहिताना मला हसू आलं होतं."

ती कठड्याला टेकली. "आईला अकरा वेळा परत पाठवलं होतं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच, मोठ्यानं.

तो पायरीवर तिच्यासाठी जागा करून बसला.

त्याच पायरीवर महिनाभर दोघांनी नवा खेळ रचला. ती नियम सांगायची, तो लिहायचा. शेवटचं पान झालं, तरी तो उठेना.

"अजून एक होतं... म्हणजे, आज नको. उद्या सांगतो."

"उद्या?" तिनं पिशवीतून तोच जुना अर्ज काढला. यादीखाली थोडी जागा उरली होती. "सगळं एकदम सांग. इथं लिहून दे."

तो कानापर्यंत लाल झाला. एकच ओळ लिहायला त्याला फार वेळ लागला.

तिनं ती वाचली. पुन्हा वाचली. मग कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"खाली सही कर," ती हळूच म्हणाली. "आईला वाचून दाखवायचंय."