गुळण्या करणारा पंखा

घर अगदी चिडीचूप होतं. आई रात्रपाळी करून नुकतीच झोपली होती, म्हणून सगळे चवड्यांवर चालत होते. आणि तेवढ्यात वरच्या न्हाणीघरातून आवाज आला.

"गुळ्ळ... खर्रर्र... गुळ्ळ!"

जिन्याच्या मध्यावर पाच वर्षांचा गेथिन थिजला. त्याने दोन्ही कानांवर हात दाबले आणि तो तसाच उलट्या पावली खाली निघाला.

"बेथान! दोरी का ओढलीस?" त्याची मोठी बहीण लोवरी दबक्या आवाजात ओरडली.

"हात धुवायला दिवा नको का?" न्हाणीघरातून बेथानचं डोकं बाहेर आलं. "मी काय करू, तुमच्याकडे दिवा लावला की पंखाही लागतो!"

हेच तर दुखणं होतं! त्या न्हाणीघराला खिडकीच नव्हती. दिव्याची दोरी ओढली की छतातला एक्झॉस्ट फॅन सुरू. नाताळ झाल्यापासून तो असा गुळण्या करायला लागला होता, आणि तेव्हापासून गेथिन आत पाऊल टाकत नव्हता. शू लागली की तो शेजारी, यांतो आणि बेथानच्या घरी पळायचा. आंघोळ मात्र तो कुठेच करेना. आईने ओल्या फडक्याने पुसून काढायचा प्रयत्न केला, तर त्याने किंचाळून घर डोक्यावर घेतलं.

"काळोखात घालू ना आंघोळ," यांतोने सुचवलं. तो आणि बेथान सुट्टी लागल्यापासून इथेच पडीक होते. "दिवाच नको! टॉर्च घेऊ!"

"घातली होती. काळोखालाही घाबरतो तो."

"अरे देवा!"

फेब्रुवारीची सुट्टी संपत आली होती. सोमवारी शाळा. सुट्टीच्या आधी वर्गातल्या एका मुलीने नाक धरलं होतं, आणि मग सतरंजीवर गेथिनच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं. हे त्याने आईला सांगितलं नव्हतं. लोवरीला सांगितलं होतं, आणि बारा वर्षांच्या लोवरीला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "गेथिन, राजा, तो नुसता पंखा आहे रे."

"मला माहितेय पंखा आहे," गेथिन कानांवरचे हात न काढता म्हणाला. "पण तो बुडतोय. त्याच्या घशात पाणी गेलंय."

लोवरीने यांतोकडे पाहिलं. यांतोने बेथानकडे पाहिलं.

"छतात कुठून येणार पाणी?" बेथान म्हणाली. "बाहेर तर नुसता कडक गारठा आहे. आठवडाभर पाऊस नाही."

तिघं वर गेले. दिवा बंद केला, तरी पंखा फिरतच होता. लोवरीने टॉर्च वर धरला. पंख्याच्या जाळीच्या कडेला एक थेंब जमला, फुगला आणि टपकन यांतोच्या नाकावर पडला.

"ई! खरंच पाणी आहे!"

"आणि दिवा बंद आहे," लोवरी हळूच म्हणाली, "तरी हा फिरतोय. मग याला वीज कुठून मिळतेय?"

दुपारी हेफिनमामा आला. लाल जर्सी, लाल मफलर, खिशात स्क्रू ड्रायव्हर! वेल्सचा रग्बीचा सामना होता, आणि तो बघायला तो दर वेळी बहिणीकडे यायचा, कारण इथला टीव्ही मोठा होता.

"सामना सुरू व्हायच्या आत तुमचा पंखा ठणठणीत करतो!" तो गरजला. "ताई, चहा टाक!"

आईचे डोळे झोपेने सुजले होते. "कर बाबा काहीतरी," ती म्हणाली. "मला आता काही सुचत नाही."

खाली टीव्हीवर राष्ट्रगीताची तयारी चालली होती. मामाने दोरी ओढून दिवा बंद केला, दाराबाहेरच्या उजेडात तो टबच्या काठावर चढला आणि त्याने मान वर केली. पंखा गुळण्या करतच होता.

"मामा, थांब!" लोवरी म्हणाली. "वीज चालू आहे!"

"वेडाबाई, दिवा बंद केला ना मी? पाती उरलेल्या जोरावर फिरतायत."

"इतका वेळ? सायकलचं चाकसुद्धा इतका वेळ फिरत नाही!"

"तू मला सायकल शिकवू नकोस. मीच तुला शिकवलीय."

"त्यात पाणी आहे, काका," यांतो म्हणाला. "माझ्या नाकावर पडलंय!"

"नाक पूस मग!"

लोवरीने दाराच्या वरच्या खटक्याकडे पाहिलं. पंख्याची वीज तोडायचा तो वेगळा खटका. ती स्टुलावर चढली, दोन्ही अंगठ्यांनी तिने तो दाबला. जागचा हलेना! गेल्या उन्हाळ्यात मामानेच भिंत रंगवली होती, आणि भिंतीसकट खटकाही रंगवून टाकला होता. एकावर एक तीन हात!

"आई!" ती जिन्यातून ओरडली. "मामाला उतरायला सांग ना!"

"लोवरी, मामाला करू दे गं." आईचा आवाज अगदी थकलेला होता. कुणी ऐकतच नव्हतं. वर मामा, खाली आई, मध्ये ती.

मामाने जाळीत स्क्रू ड्रायव्हर घातला. एक थेंब त्याच्या मनगटावर पडून बाहीत ओघळला.

"यांतो!" लोवरी किंचाळली. "जिन्याखालचं कपाट! सगळ्यात मोठा खटका!"

यांतो कठड्यावरून घसरतच गेला. झाडू पडला, इस्त्रीचं टेबल पडलं, कसलातरी डबा गडगडला, आणि—

खट्!

अख्ख्या घरातले दिवे गेले. राष्ट्रगीत अर्ध्या ओळीत तुटलं. आणि वरचा पंखा एकदम दमला. पाती दोन-चार वेळा फिरली आणि थांबली.

"कुणी केलं हे?" मामाचा आवाज शेजारच्या घरातही गेला असेल. "ऐन वेळी! कोण आहे तो गाढव?"

"मी सांगितलं करायला," लोवरी म्हणाली. "मला नंतर ओरड. आधी बघ. आता थांबला पंखा. म्हणजे मघाशी त्यात वीज होती."

 बेथानने टॉर्च वर धरला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाशी जाळीच्या आत एक ओली तार चमकत होती. मामा हळूच खाली उतरला आणि टबच्या काठावर बसला. त्याने आपली ओली बाही पिळली.

"ताई," तो म्हणाला, "तुझ्या पोरीने आत्ता मला वाचवलं."

आई जिन्यात उभी होती. तिने लोवरीला जवळ ओढलं.

मग शोध सुरू झाला तो माळ्यावर! मेन स्विच बंदच ठेवला. लोवरी आणि यांतोने शिडी धरली, मामा टॉर्च घेऊन वर गेला आणि वरून त्याची शीळ ऐकू आली.

"अरे, काय हे! पंख्याची नळी पार चेपलीय! तिच्यावर कुणीतरी खोकी रचलीत!"

आंघोळीची वाफ पंखा वर ढकलत होता, ती त्या लवचीक नळीतून छपराबाहेर जायला हवी. पण नळी चेपून तिला झोळ पडला होता. वाफ थंड माळ्यावर अडायची, तिचं पाणी व्हायचं, आणि ते उलटं पंख्यात उतरायचं.

"म्हणजे गेथिन बरोबर बोलत होता!" बेथान ओरडली. "बुडतच होता तो!"

खोकी एक एक करून खाली आली. मामाने नळीतलं पाणी बादलीत ओतलं, जवळजवळ अर्धी बादली! मग नळी सरळ करून बाहेरच्या बाजूला उतरती बांधली. पण भिजलेल्या पंख्याला त्याने बोट लावलं नाही. वरच्या दिव्यांचा छोटा खटका त्याने पाडून ठेवला, बाकीची वीज सुरू केली आणि वायरमन असलेल्या प्रोबर्टबाईंना फोन केला.

"आज सामना आहे," पलीकडून उत्तर आलं. "उद्या सकाळी."

वेल्स हरलं. मामा म्हणाला, वीज गेली होती तेवढा वेळच काय तो बरा गेला.

रविवारी सकाळी प्रोबर्टबाईंनी आधी टेस्टर लावून बघितला, मग जुना पंखा उतरवून नवा बसवला आणि खटक्यावरचा रंग खरवडून काढला.

"दिवा बंद केला तरी या पंख्याला काही वेळ वीज मिळत राहते, म्हणून तर हा खटका असतो. हे कुणी रंगवलं?"

मामा छताकडे बघायला लागला.

"आणि मेन बंद करायला कुणी सांगितलं?" लोवरीने हात वर केला. प्रोबर्टबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "शाबास. मोठी माणसं ऐकत नसली की असंच करायचं. आधी खटका, मग भांडण!"

मामाने तिघांना चिप्स आणायचं कबूल केलं. यांतो म्हणाला, "सोबत तळलेले मासेही पाहिजेत." तेही कबूल झाले.

संध्याकाळी गेथिन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. लोवरीने दोरी ओढली. वरून नुसती बारीक गुणगुण आली. त्याने एका कानावरचा हात काढला. थोड्या वेळाने दुसऱ्या कानावरचा.

"पोहतोय आता," तो म्हणाला आणि मोजे काढायला लागला.

आईने त्याला टबात बसवलं. केसांना साबण लावला, कानामागे चोळलं, मानेवरून पाणी ओतलं. कितीतरी दिवसांनी तिला त्याला असं धरता आलं होतं. तो खिदळला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते साबणाच्या फेसात मिसळत होतं.

"माझीच चूक होती," ती दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या लोवरीला म्हणाली. "नाताळनंतर ती खोकी मीच ढकलली माळ्यावर. खाली काय आहे ते बघितलंसुद्धा नाही. मला ती फक्त डोळ्यांसमोरून हलवायची होती."

लोवरीने मान हलवली. खोकी अजून बाहेर, जिन्याच्या तोंडाशीच होती. एक उघडं होतं, त्यातून चिखल वाळलेले रग्बीचे बूट डोकावत होते. मोठ्या मापाचे, नाताळात घर सोडून गेलेल्या बाबाचे.

गेथिनने टबाच्या काठावरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा ओला चेहरा एकदम उजळला.

"आई! बाबाचं सामान खाली काढलंस, म्हणजे बाबा परत येतोय?"

आईचा हात त्याच्या केसांतच थांबला.

"आई, सांग ना! कधी येतोय?"