मागच्या सीटचा पट्टा

वापरलेली गाडी घ्यायचं म्हणताय म्हणून सांगतो. एरवी हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

गेल्या ऑक्टोबरात माझी बायको हे-वन सात महिन्यांची गरोदर होती. आमच्या योंगदे गावात मासे वाळवायचे मांडव हवे तेवढे, पण बाळंतपणाचा दवाखाना घाट उतरून तासाभरावर. बर्फ पडायच्या आत गाडी हवीच होती. नव्या गाडीला मार्च उजाडला असता, म्हणून आईला सोबत घेऊन मी वोंजू शहरात गेलो. तिथे जुन्या गाड्या तपासून, हमीपत्रासकट विकतात.

विक्रेता नामगुंग अगदी गोड बोलायचा. राखाडी रंगाच्या एका गाडीचा शिक्क्याचा कागद त्याने माझ्यापुढे धरला. "दोनशे ठिकाणी तपासलीय. अपघात नाही, पुराचं पाणी नाही. डोळे मिटून घ्या."

डोळे मिटून कोण घेतो? पुरात बुडालेली गाडी ओळखायची आमच्याकडे साधी रीत आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायचा. बाकी गाडी कितीही घासा, आतल्या टोकाला चिखल राहतोच. पुढचे दोन्ही पट्टे मी ओढले, कोरे करकरीत निघाले. मागचे ओढणार, तेवढ्यात आईने हाक मारली.

ती बॉनेटमध्ये डोकं घालून उभी होती. बॅटरीमागे पांढऱ्या दोऱ्याने गुंडाळलेला सुका मासा होता. त्यात नवल नाही. नवी गाडी आली की आम्ही तो बांधतोच, गाडीवरचं संकट त्याने अंगावर घ्यावं म्हणून. पण आईची चाळीस वर्षं मांडवात गेलेली. तिने तो दोन बोटांनी दाबला आणि तिचा चेहराच उतरला.

"हा ओला आहे रे."

"बॉनेटखाली कसा ओला होईल?"

"तेच म्हणते. फुगलाय. बरेच दिवस पाण्यात असल्यासारखा…"

नामगुंग हसला. "आजी, आमच्या दोनशे ठिकाणांत मासा येत नाही हो!" असं म्हणत त्याने तो दोऱ्यासकट ओढून काढला आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाला. आईने हिसकावून घेतला.

"खायची वस्तू कचऱ्यात टाकतोस? लाज नाही वाटत?" कागदात गुंडाळून तिने तो पिशवीत टाकला.

मग आम्ही गाडी चालवून बघायला निघालो. दुपारचे चार, लख्ख ऊन. मी चालवत होतो, नामगुंग शेजारी, आई मागे. शहराबाहेर लांब बोगदा लागला. आत शिरलो आणि इंजिनाचा आवाज खोल गेला. मग पायाशी पाणी डचमळल्यासारखं वाटलं. गटार उपसल्यावर येतो तसा चिखलाचा वास नाकात गेला. घोट्यांपर्यंत गारठा चढला.  मी तिरक्या नजरेने नामगुंगकडे पाहिलं. त्याने दोन्ही पाय वर उचलून धरले होते.

"आई… पट्टा लावलास ना?"

"लावतेय. येत नाहीये."

"ओढ जरा."

"ओढतेय रे… पण आतून कुणीतरी धरलाय."

मी घाबरलो. चाळिशीचा माणूस, पण ओठ दाबून रडू आवरत होतो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. बोगदा संपला, ऊन आलं. पायाखाली बघितलं तर सगळं कोरडं ठणठणीत. गाडी वळवून परत आलो. उतरताना नामगुंगने तो कागद घडी करून खिशात घातला. "घेऊ नका, साहेब," तो खाली बघून म्हणाला. "मी बोललो असं मात्र कुठं सांगू नका."

नाहीच घेतली. बाळंतपणाला शेजाऱ्याच्या ट्रकमधून गेलो. मुलगी झाली, सुखरूप. मार्चमध्ये कारखान्यातून आलेली कोरी गाडी दारात उभी राहिली. आईने स्वतःच्या हाताने नवा मासा बांधला. सुटलो, असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यापर्यंत. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. मुलीच्या तोंडावर ऊन येतं म्हणून तिची छोटी खुर्ची मागच्या सीटवरच दुसऱ्या बाजूला लावत होतो. त्यासाठी तिथला पट्टा पूर्ण ओढला. टोक ओलं होतं. चिखलाने बरबटलेलं.

आई ओसरीत लसूण सोलत होती. "आई, आपल्या गाडीतल्या माशाला दोरा कुठला बांधलास?"

तिचे हात थांबले.

"वोंजूच्या त्या गाडीतला मासा मी ओढ्यात सोडला रे. दोरा तेवढा ठेवला. धुतला चांगला. लांबलचक होता… लांब दोरा म्हणजे लांब आयुष्य, पोरीसाठी म्हणून… वाया कशाला घालवायचा…"

 मी दोरा कापून जाळला, नवा मासाही जाळला. परवा मुलीला लस टोचायला घाट उतरायचा आहे, म्हणून आज सकाळी पुन्हा तो पट्टा ओढून पाहिला. अगदी शेवटपर्यंत. स्वच्छ होता, कोरडा होता. हायसं वाटलं.

मग तो आतून ओढला गेला. दोनदा, हळूच. माझी मुलगी बोट धरून ओढते ना, तसा.