भागूबाईंचं दार

ओमकार, पेढा घेतला बरं का. फ्लॅट झाला, लोन पास झालं, छानच झालं. शिल्पा, ते गच्चीचं दार लोटून घे, वारं लागतंय. मघापासून भुताची गोष्ट सांगा म्हणून मागे लागलाय, तर सांगतो. पण ही इकडून तिकडून ऐकलेली नव्हे. ज्याच्यावर गुजरली तो गौतम जामबागला आमच्याच खालच्या मजल्यावर राहायचा.

गौतम सिकंदराबादला वसुलीच्या एका एजन्सीत कामाला होता. हप्ते थकले की बँका अशा एजन्सींना नावांची यादी देतात. तिथं दंड थोपटणारे पहिलवान पुष्कळ होते. गौतम तसला नव्हता. मूळचा नांदेडकडचा, बौद्ध घरातला, बोलणं असं की समोरच्यानं पाट मांडावा. यादीत वाघमारे, सोनकांबळे असं काही दिसलं की मॅनेजर म्हणायचा, "गौतम, ये तेरे लोगां है, तूच जा." गौतम जायचा आणि दार वाजवायच्या आधी बाहेरूनच हाक द्यायचा, "जय भीम, मावशी!" पहिलवानांना दिवस दिवस न उघडणारं दार त्या दोन शब्दांना उघडायचं. परमुलखात आपलं माणूस आलंय म्हटल्यावर कोण दार लावून बसेल?

अशीच त्याला भागूबाई भेटली. विद्यानगरच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. मुलगा प्रबुद्ध रेल्वेत होता, त्यानं कर्ज काढून घेतलेलं. एकवीस सालच्या साथीत पोरगा त्याच घरात गेला, सिलिंडरची वाट बघत. कर्जाबरोबर विमा उतरवलेला होता. माणूस गेला तर बाकीचं कर्ज विम्यानं फेडायचं, असा करार. पण बँक म्हणाली, विम्याचा शेवटचा हप्ता आलाच नाही. म्हातारी म्हणाली, आलाय, पोरानं माझ्यासमोर भरलाय. बँकांच्या कर्जांचं वेगळं कोर्ट असतं, तिथं तिनं केस टाकली. अंगठेबहाद्दर बाई, पण दोन वर्षं एक तारीख चुकवली नाही तिनं. घर म्हणजे तिच्या लेखी दोन खोल्या नव्हत्याच. प्रबुद्धचं जे काही उरलं होतं ते तेवढंच होतं.

गौतम तिच्याकडे सहा महिने जात होता. चहा प्यायला, भाकरी खाल्ली, प्रबुद्धच्या फोटोपुढे हात जोडले. आणि मग चोवीस सालच्या मे महिन्यात एक कागद पुढे केला.

"हे काय हाय बाळा?" भागूबाईनं विचारलं.

"काही नाही मावशी, कोर्टाची तारीख वाढवायचा अर्ज आहे. अंगठा द्या इथं."

तिनं दिला. तो कागद तारखेचा नव्हता. घराचा ताबा मी राजीखुशीनं बँकेला देते, असा होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या एका अंगठ्यावर तिची केस ढासळली, आणि सप्टेंबरात बँकेची माणसं पंचनामा करायला आली. भांडीकुंडी मोजली, घराला दार एकच आहे, खिडक्यांना गज आहेत, हे सगळं लिहून काढलं. बाहेरून कुलूप घातलं, त्यावर फडकं बांधून लाखेचं सील केलं. आणि ते कुलूप घालायचं काम कुणाकडे आलं असेल? गौतमकडेच. भागूबाई पिशवी घेऊन पायरीखाली उभी होती. म्हणाली, "बाळा, तारीख वाढली होती ना रे?" गौतमनं वर पाहिलंच नाही.

म्हातारी सिकंदराबादला लेकीकडे, स्वप्नाकडे गेली. घर गेलं तरी फोन काही सुटले नाहीत. लिलावातून भागलं नाही तर बाकीचं कोण भरणार, म्हणून एजन्सीतली पोरं सकाळ-संध्याकाळ तिला फोन करायची. तीस नोव्हेंबरला ती गेली. स्वप्नानंच गौतमला कळवलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "दादा, आम्ही सगळे तिला सांगत होतो, गौतमनंच फसवलं. शेवटपर्यंत ऐकलं नाही तिनं. म्हणायची, त्यानं दारात जय भीम म्हटलं होतं, तो असं करणार नाही. सायबानं त्याला फसवलं असेल."

गौतम मातीला गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

आता रात्र ऐका. अकरा डिसेंबर, बुधवार. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं घर बघायला येणार होती. रात्री साडेदहाला मॅनेजरचा फोन आला. दारावरची बँकेच्या ताब्याची नोटीस कुणीतरी फाडली होती, आणि फायलीत आजच्या तारखेचा फोटो नव्हता. "बारा के अंदर नवी नोटीस चिपका, फोटो निकाल, भेज. कल पे नक्को." गौतमनं खळीचा डबा घेतला, ब्रश घेतला, गाडीला किक मारली.

गल्लीत पोचला तेव्हा अकरा वीस झाले होते. चांदणं स्वच्छ होतं. थंडीमुळे लोक दारं लावून झोपलेले. कोपऱ्यावरचा इडलीवाला गाडा धुऊन निघाला होता, त्यानं हातही केला. भ्यायचं काही कारणच नव्हतं. गौतम तीन पायऱ्या चढला, खळीचा डबा खाली ठेवला. कुलूप होतं. सील होतं. त्याचं लक्ष ब्रशकडे. आणि सहा महिन्यांची सवय... तोंडातून निघून गेलं.

"जय भीम, मावशी!"

म्हटलं आणि त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. अकरा दिवस झाले होते बाईला जाऊन.

ब्रश खळीत बुडवला.

आतून आवाज आला.

"जय भीम, बाळा. आले, आले."

मांजर असेल? शेजारचा टीव्ही? नव्हे. तोच आवाज, बसका, थोडा दम लागलेला. मग चपला. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत. सावकाश. गुडघे दुखायचे तिचे, एक पाय ओढायची. तसाच एक पाय ओढत. दारापर्यंत आल्या... थांबल्या.

दार हललं.

आतून कुणी ओढत होतं. कुलूप कोयंड्यावर आपटलं. एकदा. दोनदा.

"उघडंना की रे."

गौतमच्या हातातून ब्रश गळाला.

"बाळा... बाहेरून कुणी कुलूप घातलंय का बघ बरं."

कुलूप पुन्हा आपटलं.

"प्रबुद्ध आत हाय रे. अंधार केलाय त्याला. बघ ना जरा, तुझ्याकडं चावी असंल."

चावी होती. त्याच्याच खिशात होती. त्यानं मुठीत धरली, आणि ती मूठ काही वर येईना. गौतम मला म्हणाला, "काका, भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला रडू येत होतं." या बाईनं मरताना आपल्याला निर्दोष धरलं, आणि अजून आपल्यालाच हाक मारतेय. सायबानं फसवलं म्हणावं का? तिनं ते लगेच खरं मानलं असतं.

मग तो दाराला तोंड लावून बोलला.

"मावशी... कुलूप मीच घातलंय."

दार अजून हलतच होतं.

"तो कागद तारखेचा नव्हता. मला माहीत होतं."

श्वास ऐकू आला. लाकडापलीकडे, अगदी जवळ.

"मला माहीत होतं मावशी. वाचून घेतलेला होता मी."

दार हलायचं थांबलं. बराच वेळ ती तिथंच उभी असावी. मग कसलासा आवाज झाला, लहानसा, लोखंडाचा. कसला ते त्याला तेव्हा कळलं नाही. मग चपला. एक पाय ओढत. आत... आत... आणि गेल्या.

गौतम पायरीवर बसून राहिला, नोटीस मांडीवर घेऊन. काय योगिनी? हो, रात्रभर. दूधवाल्यानं उठवलं त्याला. गाडी तिथंच सोडून तो चालत सिकंदराबादला गेला आणि स्वप्नाच्या दारात उभा राहिला, जय भीमची हाक न देता. तिनं आत घेतलं नाही. तो बाहेरूनच म्हणाला, कोर्टात येऊन खरं सांगतो. पुढं सांगितलंही. नोकरी गेली, स्वतःवर केस झाली, आणि त्या घराचा वाद अजून चालूच आहे. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी दहाला बँकेचा अधिकारी दोन गिऱ्हाइकं घेऊन आला. चावी द्यायची म्हणून गौतमही हजर होता. सगळ्यांच्या देखत सील तपासलं. लाख जशीच्या तशी, फडक्याची गाठही सुटलेली नाही. ते तोडलं, कुलूप काढलं, दार ढकललं.

दार उघडेना.

अधिकाऱ्यानं खांदा लावला, मग गिऱ्हाइकानं. शेवटी नाक्यावरून सुतार आणला. त्यानं फळीला भोक पाडलं, हात आत घातला, चाचपलं आणि तसाच थांबला. "साब," तो म्हणाला, "अंदर कोई है क्या?"

दार काढल्यावर सगळं घर पाहिलं. गज शाबूत, कौल-पत्रा काही नाही, वर सिमेंटचं छत. माणूस सोडा, उंदीरही नव्हता. अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं, लाकूड फुगल्यामुळे दार अडकले. ऐन डिसेंबरात. गौतमला म्हणाला, साक्षीदार म्हणून सही कर. त्यानं केली नाही. तो त्या दाराकडेच बघत होता.

जिनं त्याला कधी दार लावलं नव्हतं, तिच्या दाराची कडी आतून घातलेली होती.