तिसरीच्या वर्गात वाचलेलं वर्णन

आमचा कुत्रा लंगडायला लागला, म्हणून मी आणि माझी लेक त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, उंच आणि बोलायला महाग.

"काय होतंय याला?"

मी म्हटलं, "बरं नाही."

लेक म्हणाली, "तिसऱ्या पायरीवर थांबतो. पुढचा डावा पाय हवेत धरतो, आणि आमच्याकडे असा बघतो, की चूक आमचीच!"

डॉक्टरांनी मान वर केली… ती वरच राहिली. "किती नेमकं सांगितलंत! लोक मला नुसतं 'बरं नाही' सांगतात."

"अहो, पाय खाली आहे. वर काय बघताय?" मी म्हटलं.

पायातला काटा निघाला, कुत्रा दोन दिवसांत पळू लागला. तपासणी मात्र महिनाभर चालली. बाहेर भुरभुर पाऊस असला की जरा जास्तच वेळ. मला काय कळत नव्हतं? केस काय उन्हात पांढरे झालेत?

लेक तिसरीला शिकवते. पोरांना वर्णन लिहायला शिकवायचं, म्हणून तिने पाळीव प्राणी निवडले. नियम एकच— नाव घ्यायचं नाही, दिसतं ते लिहायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. शुक्रवारी डॉक्टरांनाही बोलावलं.

त्याच आठवड्यात दूरच्या शहरातल्या मोठ्या शाळेचं नोकरीचं पत्र आलं. तिला जायचं होतं, फार जायचं होतं. उत्तर शुक्रवारीच द्यायचं होतं, आणि पत्र पर्समध्ये चुरगळत होतं.

"आई, डॉक्टर काहीच बोलत नाहीत गं."

"मग तू बोल."

"मी? कशी…"

तोंड वर्गापुरतंच! मग कुत्र्याला दाखवायला मी एकटीच गेले, आणि पत्राचं डॉक्टरांच्या कानावर घालून आले.

शुक्रवारी मी कुत्र्यासकट मागच्या बाकावर. एका चिमुरडीने वाचलं, "हाक मारली की तिचा फक्त कान येतो, ती येत नाही."

"मांजर!" सगळा वर्ग ओरडला.

मग डॉक्टर उठले. हातातला कागद उलगडला.

"कानामागे खडू ठेवते. विसरते. मग सगळीकडे शोधते. रागावली की आवाज… अगदी हळू होतो. ती दूर जाणार असं ऐकलं, तेव्हापासून मला जेवण जात नाही."

"ससा!"

"खार!"

"खार कुठे खडू ठेवते रे?"

पुढच्या बाकावरची पोरगी उभी राहिली. "बाई… तुमच्या कानामागे खडू आहे."

लेकीचा हात कानाकडे गेला. चेहरा लालेलाल!

तेवढ्यात घंटा झाली, पोरं पळाली.

"जेवण तुम्हाला जात नाही," लेक हळूच म्हणाली. "ते वर्णनात कशाला? मार्क कापणार मी."

"कापा. पण जाऊ नका, असं मी म्हणणार नाही."

"का?"

"तुम्हाला जायचंय. दिसतंय ते."

"मग…?"

"तिथली जनावरं काय आजारी पडत नाहीत? वर्षभरात दवाखाना तिकडे हलवतो. चालेल?"

तिने पत्र काढलं, टेबलावर तळहाताने सपाट केलं, त्यांच्याच खिशातलं पेन ओढलं आणि खाली होकार लिहिला.

"हा… कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"शाळेला. तुमचं उत्तर तोंडी देते. आई, तू जरा बाहेर जा."

मी गेले. जन्मात कुणाचं ऐकून बाहेर गेले, ते पहिल्यांदाच!